मिरर लावला, पण डीडी दुप्पट वेग का दाखवत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोटो स्टुडिओसाठी एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून फाइल सर्व्हर केला. सिस्टिम वेगळ्या छोट्या एसएसडीवर आहे. ४ टीबीच्या, ७२०० आरपीएमच्या दोन हार्ड डिस्क एमडीअ‍ॅडम (लिनक्समध्ये डिस्क एकत्र जोडण्याची कमांड) वापरून रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा ठेवणाऱ्या मिररमध्ये, जोडल्या. डीडीने (डेटा ओळीने वाचणारी-लिहिणारी कमांड) वाचून पाहिलं तर वेग सेकंदाला १८० एमबीच्या आसपास, आणि एकट्या डिस्कवरही तेवढाच. रेड १ मध्ये वाचन दुप्पट होतं असं ठिकठिकाणी वाचलं होतं, मग चुकलं कुठे? आणि यातली एक हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी लावली तर काही फरक पडेल का?

चुकलं काहीच नाही. तुमचा मिरर जसा चालायला हवा तसाच चालतोय. रेड १ मुळे एकाच वेळी वाचणारे दोघं झाले तरी दोघांनाही पुरेसा वेग मिळतो. एकटा वाचणारा मात्र होता तिथेच राहतो. घरात एकाच पेपरच्या दोन प्रती आल्या म्हणून एका माणसाचं वाचन लवकर उरकत नाही, फक्त दुसऱ्याला थांबावं लागत नाही. एमडीच्या (लिनक्समधला रेड चालवणारा भाग) मॅन-पेजमध्ये, म्हणजे सोबत येणाऱ्या माहितीपानात, हे चक्क डीडीचं उदाहरण देऊन सांगितलंय: एकाच सलग वाचनाचा वेग वाढणार नाही, अनेक सलग वाचनं किंवा विखुरलेलं काम असेल तर एकाहून जास्त डिस्क वापरल्या जातील. पण मॅन-पेज उघडतो कोण! इंटरनेटवरच्या तक्त्यांमध्ये रेड १ च्या पुढे 'रीड २ पट' एवढंच छापलेलं असतं आणि तेच लक्षात राहतं.

तरीही मनात येतंच की, दोन्ही डिस्कवर तोच डेटा आहे तर कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) एक तुकडा हिच्याकडून आणि पुढचा तिच्याकडून का मागू नये? रेड ० (डेटाचे तुकडे दोन डिस्कवर वाटून ठेवणारी मांडणी) तेच तर करतं. याचं उत्तर फिरत्या तबकडीत आहे आणि गणित सोपं आहे. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. सेकंदाला १८० एमबी वाचले जात असतील तर एका फेरीत हेडखालून १.५ एमबी सरकतात. आता समजा ५१२ केबीचे तुकडे पाडले. पहिल्या डिस्कने तुकडा ०, २, ४ वाचायचा; दुसरीने १, ३, ५. पहिल्या डिस्कचा तुकडा ० वाचून झाला. तुकडा २ वाचायचाय, पण मध्ये तुकडा १ आहे, त्याच ट्रॅकवर, अगदी लागून. तो गाळायचा म्हणजे तबकडीचा तेवढा भाग हेडखालून निघून जाईपर्यंत थांबायचं. एक तृतीयांश फेरी, म्हणजे सुमारे २.८ मिलिसेकंद. तो तुकडा वाचायलाही तेवढाच वेळ लागला असता! दोन्ही डिस्क निम्मा वेळ वाचणार, निम्मा वेळ वाट बघणार, आणि बेरीज पुन्हा १८० च.

रेड ० मध्ये ही भानगड नाही, कारण तिथे तुकडे ०, २, ४ डिस्कवर एकमेकांना चिकटून ठेवलेले असतात. गाळायला मध्ये काही नसतंच.

मग तुकडे मोठे करू, ६४ एमबीचे? तसं केलं तर हेड खरंच बरेच ट्रॅक ओलांडून उडी मारेल आणि वेळ वाचेल. पण दोन्ही डिस्क एकाच वेळी कामाला जुंपायच्या तर कर्नलने निदान तेवढा डेटा आधीच मागवून ठेवायला हवा. लिनक्सचा नेहमीचा रीड-अहेड (आधीच वाचून ठेवायचा डेटा) असतो १२८ केबी. ब्लॉकडेव्ह कमांड वापरून तो वाढवता येतो, काही जण तो भरमसाट वाढवतातही, आणि मग छोट्या छोट्या थंबनेलसाठीसुद्धा डिस्क नको तेवढं वाचत बसते. मिररवर तो थोडा वाढवायला हरकत नाही, पण त्यातून दुप्पट वेग निघेल ही अपेक्षा सोडा.

कर्नल प्रत्यक्षात काय करतो ते एकदा पाहून घ्या, कारण पुढच्या एसएसडीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. रेड १ च्या ड्रायव्हरमध्ये रीड बॅलन्स नावाचं एक फंक्शन आहे. वाचनाची प्रत्येक मागणी आली की ते एकच डिस्क निवडतं. ही मागणी एखाद्या डिस्कने नुकत्याच वाचलेल्या जागेच्या लगेच पुढची असेल तर तीच डिस्क. उगाच दुसरीचं हेड हलवायचं नाही. तसं नसेल तर एखादी डिस्क रिकामी बसलीय का ते बघायचं. दोन्ही कामात असतील तर जिचं हेड त्या जागेच्या जवळ ती. हे झालं फिरत्या डिस्कचं. अ‍ॅरेमध्ये (जोडलेल्या डिस्कच्या संचामध्ये) एक जरी एसएसडी असेल तर अंतर मोजण्याला अर्थ उरत नाही, म्हणून जिच्यापुढे कमी मागण्या तुंबल्यात ती डिस्क निवडली जाते. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: पहिलं सिंक (एका डिस्कवरचा डेटा दुसरीवर उतरवणं) पूर्ण होण्याआधी, जो भाग अजून सिंक व्हायचाय तिथलं सगळं वाचन एकाच डिस्ककडून होतं. साहजिकच आहे, दुसऱ्या डिस्कवर तिथे काय पडलंय याची खात्री नसते. तुमच्या ४ टीबीच्या डिस्कचा सरासरी वेग १५० धरला तरी सिंकला सात-साडेसात तास लागणार. अ‍ॅरे बनवला, फाइल सिस्टिम टाकली आणि चहा होईपर्यंत वेग मोजला, तर तो आकडा बाद समजा. प्रॉकखालची एमडीस्टॅट फाइल उघडून बघा, तिथे मिररची सद्यस्थिती दिसते. कंसात दोन यू दिसत असतील आणि खाली रीसिंकची टक्केवारी सरकत नसेल, तेव्हाच मोजमापाला बसा. एका यूच्या जागी अधोरेषा असेल तर तुमचा मिरर एका पायावर उभा आहे, तेव्हा वेग नंतर, आधी ती डिस्क बघा.

आता मोजायचं कसं. डीडी आधी रॅममधल्या कॅशला फसतो. तीच फाइल दुसऱ्यांदा वाचली की सेकंदाला काही जीबी असा आकडा येतो आणि माणूस खूश होतो. म्हणून डायरेक्ट फ्लॅग द्या, किंवा आधी सिंक कमांड चालवून (मिररच्या सिंकशी तिचा संबंध नाही) ड्रॉप-कॅशेसमध्ये ३ लिहा, म्हणजे कॅश रिकामी होते. एक धोक्याची सूचना: थेट एमडी डिव्हाइसवर डीडी चालवताना आयएफ (कुठून वाचायचं) आणि ओएफ (कुठे लिहायचं) यांची अदलाबदल झाली तर दोन्ही डिस्कवरचा डेटा एकाच फटक्यात जातो, आणि मिरर ती नासाडीसुद्धा इमानेइतबारे दोन्हीकडे लिहितो. म्हणून माझी पसंती एफआयओ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमला. त्याला रीडओन्ली सांगता येतं, मग चुकून लिहायला लावलं तरी तो नकार देतो.

दुसऱ्या टर्मिनलमध्ये आयओस्टॅट लावा, प्रत्येक डिस्क किती कामात आहे ते त्यात दिसतं. ते सिसस्टॅट पॅकेजमध्ये येतं. विस्तारित आकडे, दर सेकंदाला. आधी एकच सलग वाचन चालवा. एसडीबीचा (एका हार्ड डिस्कचा) वापर १०० टक्क्यांना टेकलेला आणि एसडीसी (दुसरी) शून्यावर, किंवा उलटं, असं चित्र दिसेल. आता ते चालू ठेवून दुसरं वाचन सुरू करा, डिस्कच्या वेगळ्या भागातून, समजा १ टीबी सोडून पुढून. दुसरी डिस्क लगेच जागी होईल. दोन्ही रांगांमध्ये चांगले आकडे दिसतील आणि बेरीज ३०० च्या वर जायला हरकत नाही. बरोबर ३६० येणार नाही, कारण तबकडीच्या कडेला वेग सगळ्यात जास्त असतो आणि आत जाल तसा तो उतरतो.

हाच प्रयोग एकट्या डिस्कवर केलात तर मिररची खरी कमाई दिसेल. दोन सलग वाचनं एकाच डिस्कवर आली की हेड या भागातून त्या भागात धावत सुटतं आणि दोघांची बेरीज एकट्याच्या १८० पेक्षाही खाली येते. मिररमध्ये प्रत्येकाला स्वतःची डिस्क मिळाल्याने ही धावपळ होत नाही. म्हणजे दोन एडिटर एकाच वेळी दोन वेगवेगळ्या लग्नांचे फोटो उघडतात तेव्हा मिळणारा फायदा दुपटीहूनही जास्त असू शकतो. एकट्या डीडीच्या परीक्षेत तो दिसणारच नाही.

विखुरलेल्या वाचनाचं म्हणाल तर ७२०० आरपीएमच्या डिस्कला अर्धी फेरी सरासरी ४.२ मिलिसेकंद आणि हेड सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. एका वाचनाला साडेबारा-तेरा, म्हणजे सेकंदाला ७५-८० वाचनं. मिररमध्ये ती साधारण १५० वर जातात, पण मागण्या एका वेळी एकाहून जास्त असतील तरच. एकच प्रोग्रॅम एक मागणी करून तिचं उत्तर येईपर्यंत थांबत असेल तर दुसरी डिस्क रिकामीच बसून राहते. एफआयओमध्ये आयओ-डेप्थ (एका वेळी किती मागण्या) १ ठेवून आणि मग ८ ठेवून बघा, फरक लगेच कळेल.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. स्टुडिओतले कॉम्प्युटर या सर्व्हरला कसे जोडलेत? साधं गिगाबिट असेल तर तारेतून सेकंदाला १२५ एमबी हीच कमाल मर्यादा, आणि हेडर वगैरे वजा जाता हातात ११०-११५ पडतात. तुमची एकटी डिस्क १८० देतेय. म्हणजे मोठ्या फाइल उघडताना डिस्क नव्हे, तार कमी पडतेय. अशा ठिकाणी ३६० देणारा अ‍ॅरे लावला तरी एडिटरच्या खुर्चीत बसलेल्याला काडीचाही फरक जाणवणार नाही. आधी २.५ गिगाबिटचं कार्ड आणि स्विच, मग डिस्कचा विचार. २.५ गिगाबिटवर २८० च्या आसपास मिळतात, तेव्हा मात्र १८० ची डिस्क मागे पडायला लागते.

आणि तेव्हाच रेड १० (तुकडे वाटणं आणि प्रती ठेवणं दोन्ही करणारी मांडणी) आणि त्याच्या 'फार' लेआउटचा विषय निघतो; हा 'फार' इंग्रजीतला, म्हणजे दूर. रेड १० ला चार डिस्क लागतात असा समज आहे. लिनक्सच्या एमडीमध्ये ते दोन डिस्कवरही बनतं. अ‍ॅरे बनवताना लेव्हल १० आणि लेआउट एफ२ द्यायचं. जागा मिररइतकीच मिळते, ४ टीबी, आणि प्रत्येक तुकड्याच्या प्रती दोनच. फरक आहे तो मांडणीत. प्रत्येक डिस्कच्या पहिल्या अर्ध्या भागात रेड ० सारखी वाटणी: पहिलीवर ०, २, ४, दुसरीवर १, ३, ५, सगळे चिकटून. दुसऱ्या अर्ध्या भागात एकमेकींच्या प्रती. त्यामुळे सलग वाचताना गाळायला मध्ये काहीच येत नाही आणि एकटा डीडीसुद्धा जवळपास दुप्पट धावतो. वर आणखी एक फायदा: वाचन नेहमी बाहेरच्या, वेगवान अर्ध्या भागातून होतं.

फुकट मात्र काही नसतं. लिहिताना प्रत्येक तुकडा एका डिस्कच्या पुढच्या भागात आणि दुसरीच्या मागच्या भागात जातो, म्हणून हेड मोठमोठ्या उड्या मारत राहतं. कर्नल लिखाण साठवून, क्रम लावून करतो, त्यामुळे हा फटका वाटतो त्यापेक्षा कमी बसतो, पण बसतो. एक डिस्क गेली तर उरलेली एकटी सलग वाचनासाठी दर तुकड्याला अर्धी डिस्क ओलांडून ये-जा करते, आणि त्या दिवशी सर्व्हर किती हळू चालतो ते बघवत नाही. फार लेआउटचा अ‍ॅरे नंतर वाढवता किंवा बदलता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेड १ मधली एक डिस्क काढून दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावली की तिच्यावर तुमचा पूर्ण डेटा ओळीने, सलग बसलेला असतो. मेटाडेटा (डिस्कवरची रेडची ओळख सांगणारी नोंद) पार खराब झाला तरी जाणकार माणूस फाइल सिस्टिमची सुरुवात शोधून तो बाहेर काढू शकतो. फार लेआउटमध्ये एका डिस्कवर सगळे तुकडे असतात खरे, पण विस्कटलेल्या क्रमात. ग्राहकांच्या लग्नाचे फोटो ठेवणाऱ्याला मी साधा रेड १ च सुचवेन. व्हिडिओ एडिटिंग असेल, तार वेगवान असेल आणि बॅकअप रोज होत असेल, तर एफ२ जरूर वापरा.

सध्याच्या मिररवरून एफ२ वर जायचं झालं तर थेट रूपांतर होत नाही. एक डिस्क मिररमधून काढायची, तिच्यावर दुसऱ्या सदस्याच्या जागी 'मिसिंग' लिहून नवा अ‍ॅरे बनवायचा, डेटा उतरवायचा, मग जुनी डिस्क त्यात घालायची. मधले सगळे तास डेटाची एकच प्रत असते. बाहेर बॅकअप नसेल तर हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मांडणीबद्दल काही गोष्टी तुम्ही केल्याच असतील, तरी तपासून घ्या. अख्खी डिस्क अ‍ॅरेला न देता जीपीटी पद्धतीचं पार्टिशन करा, सुरुवात १ एमबीवर, आणि शेवटी शंभर-दोनशे एमबी मोकळे सोडा. ४ टीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन वेगळ्या डिस्कमध्ये सेक्टरची संख्या नेमकी सारखीच असेल असं नाही. बदली डिस्क थोडी जरी लहान निघाली तर एमडीअ‍ॅडम तिला घेणार नाही. मेटाडेटाची आवृत्ती न सांगितल्यास १.२ येते, जी सुरुवातीपासून ४ केबीवर बसते. त्या वेळी एमडीअ‍ॅडम विचारतो की यावरून बूट करायचं असेल तर अडचण येऊ शकते, पुढे जाऊ का? तुमचं बूट वेगळ्या एसएसडीवर आहे, बिनधास्त हो म्हणा.

अ‍ॅरे बनल्यावर डिटेल-स्कॅनची ओळ एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फ फाइलमध्ये घाला आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी चढणारी छोटी सिस्टिम) पुन्हा बनवा. हे राहिलं की पुढच्या बूटला एमडी० चा एमडी१२७ होतो आणि एफस्टॅबमध्ये (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) एमडी० लिहिलेलं असेल तर सर्व्हर इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन बसतो. एफस्टॅबमध्ये नाव लिहूच नका, यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा आणि जोडीला नोफेल, म्हणजे डिस्क मिळाली नाही तरी बूट अडत नाही. त्याच कॉन्फ फाइलमध्ये ईमेलचा पत्ता भरा आणि मॉनिटरला टेस्ट आणि वनशॉट देऊन एक चाचणी मेल येते का पाहा. ही पायरी सगळे टाळतात. मिररची एक डिस्क गेल्यावर काम न अडखळता चालू राहतं, हाच त्याचा गुण आणि हीच पंचाईत: महिनोनमहिने एका डिस्कवर चाललेले आणि मालकाला पत्ता नसलेले सर्व्हर मी बरेच पाहिलेत. दुसरी डिस्क गेली की मग फोन येतो.

राइट-इंटेंट बिटमॅप (कुठे लिहायला घेतलंय त्याची नोंद) चालू आहे ना, तेही एमडीस्टॅटमध्ये दिसेल. १०० जीबीहून मोठ्या अ‍ॅरेला एमडीअ‍ॅडम तो आपणहून लावतो किंवा लावू का असं विचारतो, नसेल तर ग्रोच्या पर्यायाने इंटर्नल बिटमॅप नंतरही लावता येतो. लाइट जाऊन मशीन धाडकन बंद पडलं तर बिटमॅपमुळे फक्त लिहायला घेतलेले भाग पुन्हा सिंक होतात. तो नसेल तर पूर्ण ४ टीबी, सात-आठ तास, आणि तेवढा वेळ तुमचं वाचन रडतखडत. बिटमॅपमुळे लिहिण्याचा वेग किंचित घटतो. जिथे वीज केव्हाही जाते तिथे हा सौदा स्वस्तच आहे. यूपीएस असला तरी बिटमॅप असू द्या.

आता एक जागा जिथे खर्चिक गफलत होते. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिट-दोन मिनिटं झगडत राहते, कारण तिला वाटतं आपल्याशिवाय प्रत कुठेच नाही. कर्नलची सहनशक्ती मात्र ३० सेकंद. ते संपले की तो डिस्क रीसेट करतो, आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क अ‍ॅरेबाहेर फेकली जाऊ शकते. खरं तर डिस्कने वेळेत 'जमत नाही' म्हटलं असतं तर एमडीने तो सेक्टर दुसऱ्या डिस्ककडून वाचून पहिलीवर परत लिहिला असता, डिस्कने जागा बदलून घेतली असती आणि गोष्ट तिथेच मिटली असती. नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या फाइल सर्व्हरसाठीच्या) डिस्कमध्ये ही मर्यादा सहसा ७ सेकंदांची असते. स्मार्टसीटीएल कमांडने एससीटीईआरसी (हीच वेळमर्यादा) वाचून बघा. डिस्क ते मानत असेल तर वाचन आणि लेखन दोन्हीला ७० द्या, म्हणजे ७ सेकंद, कारण हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. बऱ्याच डिस्कवर वीज गेली की हे विसरलं जातं, म्हणून यूडेव्हच्या (डिस्क सापडताच आपोआप चालणाऱ्या) नियमात घाला. डिस्क मानतच नसेल तर उलटं करा: सिस या फोल्डरमध्ये त्या डिस्कचा टाइमआउट ३० वरून १८० करा.

महिन्याच्या एखाद्या रविवारी पहाटे सर्व्हर अचानक मंद वाटला तर घाबरू नका. डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर अ‍ॅरेची पूर्ण तपासणी सुरू करतं. ती बंद करू नका. वर्षभर कुणी न उघडलेल्या फोल्डरमधला खराब सेक्टर त्यातच सापडतो, आणि तो एरवी नेमका दुसरी डिस्क गेल्यावर, रीबिल्डच्या मध्यात सापडला असता. तपासणीनंतर मिसमॅच काउंट शून्य नसेल तर मात्र विचार करा. दोन प्रती वेगळ्या आहेत एवढंच एमडीला कळतं. खरी कोणती हे ठरवायला त्याच्याकडे चेकसम (डेटा शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) नसतो, आणि दुरुस्ती करायला सांगितलं तर तो एक प्रत दुसरीवर लिहून मोकळा होतो. अ‍ॅरेवर स्वॅप असेल तर हा आकडा निरुपद्रवी असू शकतो, तुमच्यासारख्या निव्वळ डेटाच्या अ‍ॅरेवर तो शून्यच हवा. ज्यांना चेकसम हवा त्यांनी झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमकडे जावं. फक्त वाचनाच्या वेगासाठी बीटीआरएफएसकडे जाऊ नका. त्याचा रेड १ बरीच वर्षं प्रोसेस आयडी सम की विषम एवढं बघून डिस्क निवडत आलाय, तेव्हा एकट्या प्रोसेसला तिथेही एकच डिस्क.

आता एसएसडी. एक ४ टीबीची एसएसडी आणि एक हार्ड डिस्क असा मिरर चालतो, आणि वाचनासाठी चांगलाच चालतो, पण एक निशाणी लावली तरच. वर म्हटलं तसं, एसएसडी असलेल्या अ‍ॅरेमध्ये कर्नल तुंबलेल्या मागण्या मोजून डिस्क निवडतो, त्यामुळे गर्दी झाली की काही वाचनं हार्ड डिस्ककडे जातात आणि तेवढी रखडतात. हार्ड डिस्कला राइट-मोस्टली म्हणून जाहीर केलं की एमडी तिच्याकडून वाचणं टाळतो. एसएसडी गेली किंवा तिचा एखादा सेक्टर वाचता आला नाही तरच तिच्याकडे वळतो. मग एकटा डीडीसुद्धा साटा एसएसडीच्या ५५० च्या आसपास पोचेल, आणि थंबनेल उघडण्यात तर जमीन-अस्मानाचा फरक पडेल, कारण तिथे हेड सरकण्याचे आणि फेरीची वाट बघण्याचे ते तेरा मिलिसेकंदच उरत नाहीत. लिहिताना मात्र दोन्हीकडे लिहून होईपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे वेग हार्ड डिस्कचाच. राइट-बिहाइंड लावून हार्ड डिस्कवरचं लिखाण थोडं मागे राहू देता येतं, त्यासाठी बिटमॅप लागतोच. स्टुडिओत वाचन जास्त, लेखन कार्ड रिकामं करताना. मी राइट-बिहाइंडच्या वाटेला जाणार नाही.

हार्ड डिस्क काढून मग एसएसडी लावायची असं करू नका. मदरबोर्डवर आणखी एक मोकळा साटा पोर्ट असेलच. एसएसडीवर तसंच पार्टिशन करा. आधी ब्लॉकडेव्हने तिचा आकार बाइटमध्ये बघा, ती अ‍ॅरेच्या सदस्याएवढी तरी हवी. ती अ‍ॅरेमध्ये स्पेअर (राखीव डिस्क) म्हणून घाला आणि एमडीअ‍ॅडमच्या रिप्लेसने सांगा की अमुक डिस्कच्या जागी ही. नकलून होईपर्यंत जुनी डिस्क अ‍ॅरेमध्येच राहते, दोन प्रती क्षणभरही कमी होत नाहीत. त्याहून बरं म्हणजे जुनी डिस्क काढूच नका: ग्रोने सदस्य तीन करा, एसएसडी वाचायला आणि दोन्ही हार्ड डिस्क राइट-मोस्टली. ही निशाणी चालू अ‍ॅरेवर, सिसमधल्या त्या सदस्याच्या स्टेट फाइलमध्ये राइटमोस्टली असं लिहून लावता येते. एमडीस्टॅटमध्ये त्या दोघींच्या नावापुढे कंसात डब्ल्यू आला की पुन्हा आयओस्टॅट लावून एक मोठी फाइल वाचा. दोन्ही हार्ड डिस्कच्या वाचनाच्या रकान्यात शून्य दिसायला हवं. दिसलं नाही तर सिंक अजून चालू असेल, आधी ते संपू द्या.